इतिहासाच्या तासाला कोणता सिनेमा?

शिवजयंती जवळ आली की बऱ्याच शाळांत एक बेत शिजतो. नुकत्याच लागलेल्या ऐतिहासिक चित्रपटाचा सकाळचा खेळ, घाऊक तिकिटे, दोन-तीन बस. मुले घोषणा देत आत जातात आणि घोषणा देतच बाहेर येतात. दुसऱ्या दिवशी त्या सिनेमावर वर्गात अवाक्षर निघत नाही, कारण पोर्शन मागे पडलेला असतो. हा चित्रपट शिक्षकाने निवडलेला नसतो, त्या शुक्रवारी जे लागले ते मुलांनी पाहिलेले असते.

गंमत अशी की पुस्तक आपल्या पुढे आहे. बालभारतीच्या दहावीच्या इतिहासात उपयोजित इतिहासाचा पाठ आहे, प्रसारमाध्यमांचा आहे, मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास यावरही आहे. म्हणजे सिनेमाकडे इतिहासाच्या नजरेने पाहावे, हे अभ्यासक्रमाने मान्य केले आहे. पण ते पाहायचे कसे आणि पाहायचे काय, हे शिक्षकावर सोडून दिलेले. शिक्षकाच्या हाती पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका आणि चालला तर प्रोजेक्टर.

मराठी ऐतिहासिक चित्रपटाची परंपरा काही लहान नाही. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवर बाबूराव पेंटरांनी १९२३मध्ये ‘सिंहगड’ केला. मग भालजी पेंढारकरांनी शिवकाल हीच आपली कर्मभूमी मानली. अलीकडे २०१८च्या ‘फर्जंद’पासून दिग्पाल लांजेकरांची मालिका सुरू झाली: ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, ‘सुभेदार’. यांतली तळमळ खोटी म्हणता येणार नाही, आणि पावनखिंडीच्या प्रसंगाला थिएटरात कोणाचे डोळे कोरडे राहत असतील असेही नाही. तक्रार वेगळी आहे. एक रात्र, एक गड, एक वीर या चौकटीबाहेर हा सिनेमा फारसा पडत नाही. स्वराज्य तलवारीने मिळाले हे मुलाला कळते. ते चालले कशावर, हे कळत नाही. चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठवलेले प्रसिद्ध पत्र घ्या. दाणावैरण जपून वापरा, रयतेकडून काही ओरबाडू नका, दिवा जळता ठेवलात तर उंदीर पेटती वात पळवील आणि गवताची गंजी जळेल, इतक्या बारकाईने लिहिलेले. राज्यकर्ता कसा विचार करतो हे दाखवायला याहून सरस प्रसंग कोणता? पण या पत्राभोवती रचलेला चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. पुस्तकात राज्यव्यवस्था शिकवायची आणि पडद्यावर फक्त लढाई, ही फारकत शिक्षकाने ओळखली पाहिजे.

निवडीची आपली नेहमीची कसोटी म्हणजे ‘चित्रपटात खरे किती?’ ही कसोटी मला निरुपयोगी वाटते. ती नेटाने लावली तर एकही चित्रपट वर्गात येणार नाही, आणि ढिली सोडली तर सगळेच येतील. मी दुसरी लावतो: या प्रसंगाशेजारी ठेवायला माझ्याकडे कागद आहे का? असेल तर चित्रपट कितीही रंगवलेला असो, चालेल. नसेल तर कितीही प्रामाणिक असो, तो घरी पाहावा.

तानाजीचेच उदाहरण पाहू. ओम राऊत यांच्या २०२०च्या ‘तान्हाजी’त नागीण नावाची अवाढव्य तोफ आहे आणि उदयभान जवळजवळ राक्षस आहे. त्याशेजारी सभासद बखरीतला मजकूर ठेवावा. कृष्णाजी अनंत सभासदाने हा सगळा हल्ला थोडक्यात आटोपला आहे. मावळे वानरांसारखे कडा चढले, झुंज झाली, तानाजी आणि उदयभान दोघेही पडले, सूर्याजीने बाजू सावरली. तोफ नाही आणि घोरपडही नाही. घोरपड येते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. पुढे तानाजी पडल्यावर गडाला सिंहगड नाव मिळाले, ही तर प्रत्येक मराठी मुलाला पाठ असलेली गोष्ट. पण लढाई १६७०च्या फेब्रुवारीतली आणि सिंहगड हे नाव १६६३च्या पत्रात आढळते. आता वर्गापुढे चार गोष्टी आहेत: पत्र, बखर, पोवाडा, सिनेमा. प्रत्येकाने काय जोडले आणि का जोडले, हे नववीचे पोर अर्ध्या तासात सांगू शकते. तानाजीचे शौर्य त्याने तसूभरही कमी होत नाही. उलट, लोकांना तो इतका आवडला की दर पिढीने त्याला नवे काही चढवले, हे मुलांना दिसते.

संभाजी महाराजांच्या बाबतीत तर जोडीने दाखवायला दोन चित्रपट आहेत. भालजींचा १९४१चा ‘थोरातांची कमळा’ आणि २०२५चा ‘छावा’. पहिल्यात प्रेमात बुडालेला युवराज, दुसऱ्यात मरणापुढे न झुकणारा छत्रपती. माणूस तोच, मधल्या काळात बदलला तो अभ्यास. वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षे कागद धुंडाळून १९६०मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि नाटक-कादंबऱ्यांनी रंगवलेल्या व्यसनी राजपुत्राच्या प्रतिमेला तडा गेला. ‘छावा’ मात्र बेंद्र्यांवर नव्हे, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर बेतलेला आहे, हेही मुलांना सांगायला हवे. शिवाय प्रदर्शनाआधी ट्रेलरमधल्या लेझीमनृत्यावर आक्षेप आले आणि ते दृश्य काढले गेले. राजाने नाचावे की नाही, हा वाद सतराव्या शतकाचा की आपला? हा प्रश्न वर्गात विचारायला शिक्षकाला थोडे धाडस लागेल, मान्य. पण ते नसेल तर ‘छावा’ दाखवण्याच्या भानगडीतच पडू नये.

संतपटांचा घोळ निराळा. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६चा. दामले-फत्तेलालांची कृती, विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम, व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. हा मराठीच्या तासाला जरूर दाखवावा, इतिहासाच्या तासाला जपून. त्यातला बीजावरचा अभंग शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिला आणि तो तुकोबांचाच आहे असे भलेभले समजत राहिले. पडदा नवी साधने कशी जन्माला घालतो, याचा यापेक्षा गोड पुरावा नाही.

आधुनिक काळाकडे आलो की कागदांची चणचण संपते. ‘आनंदी गोपाळ’ (२०१९) घ्यावा आणि १८८३मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जातो हे सांगणारे भाषण केले, ते सोबत ठेवावे. चित्रपटातली आनंदी गोपाळरावांच्या हट्टाने घडते. भाषणातली बाई स्वतःच्या डोक्याने बोलते. जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ अख्खा दाखवायला चार-पाच तासिका लागतील. त्यापेक्षा महाडचा भाग तेवढा दाखवावा आणि ‘बहिष्कृत भारत’चे अंक वाचावेत. श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’चे भाग अजूनही वर्गासाठी सर्वांत सोयीचे आहेत, त्यांचा संथपणा मुलांना खुपतो, पण शिक्षकाला मध्ये थांबून बोलायला जागा तिथेच मिळते.

आता काल्पनिक चित्रपट. इतिहासाच्या शिक्षकांनी त्यांना उगाच मराठीच्या शिक्षकांकडे सोपवले आहे. मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा सुजय डहाकेंचा ‘शाळा’ पाहा. आणीबाणी त्यात कडेकडेने येते, मोठ्यांच्या दबक्या बोलण्यातून. नववीच्या पुस्तकातल्या आणीबाणीच्या मजकुराला जे जमत नाही, ते तिथे जमते: मोठी घटना सामान्य घरात कशी शिरते ते कळते. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त डुक्कर खांद्यावरून वाहून नेणाऱ्या कुटुंबामागे शाळेची भिंत आहे आणि भिंतीवर समाजसुधारकांची चित्रे. दहा सेकंदांत एका शतकाचा हिशेब. पण हा चित्रपट लावण्याआधी वर्गात कोण बसले आहे, हे पाहावे. चित्रपटातल्या जब्याच्या समाजाचे एखादे पोर बाकावर असेल आणि डुकराच्या मागे धावण्याच्या प्रसंगाला बाकीचा वर्ग खिदळला, तर धडा त्या एकट्याला मिळेल, आणि तो चुकीचा असेल. थिएटरात अंधार असतो, वर्गात नसतो.

कायद्याचे थोडक्यात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळींपुरते चित्रपट दाखवायला मुभा देते. गावाला तिकीट लावून दाखवायला नव्हे. २०२३च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्रात सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा पायऱ्या झाल्या आहेत. जुन्या चित्रपटांवर त्या नसतात, तेव्हा आधी स्वतः पूर्ण पाहणे आलेच. आणि दाखवताना आठ-दहा मिनिटांचा तुकडा दोनदा दाखवावा, एकदा आवाज बंद करून. ढोल-ताशे आणि पार्श्वसंगीत निघून गेले की कुणाला नायक ठरवले आहे आणि कुणाला खलनायक, हे मुले आपणहून शोधू लागतात.

मला नववी-दहावीसाठी एकच चित्रपट निवडायला सांगितला, तर त्यात किल्ला नसेल आणि तलवारही नसेल. मी मंगेश हाडवळेंचा ‘टिंग्या’ (२००८) लावीन. बटाट्याची लावण तोंडावर, चितंग्या बैल जायबंदी, दुसरा घ्यायला पैसे नाहीत, म्हणून तो खाटकाला विकायचा आणि पोराचा त्याला विरोध. त्याशेजारी १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले तो वृत्तान्त, त्यातून आलेला १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आणि जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधली दोन पाने. ग्रामीण शाळेत तर मुलांनी घरी जाऊन आजोबांना कर्जाबद्दल विचारून यावे, एवढाच गृहपाठ द्यावा. ‘टिंग्या’ ऐतिहासिक चित्रपटांच्या कुठल्याही यादीत नाही. इतिहासाच्या तासाला मात्र तो ‘तान्हाजी’पेक्षा जास्त कामाचा आहे.