झुडपी जंगल : एका महसुली संज्ञेची चिकित्सा

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. त्याच्या जलाशयालगतच्या टापूत २०१२ साली उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य जाहीर झाले. येथे सरकारी जंगल कोठे आहे, असा प्रश्न केल्यास बहुधा ह्या अभयारण्याकडेच बोट दाखविले जाईल. महसूल दप्तराचे उत्तर मात्र निराळे आहे. पूर्व विदर्भातील गावोगावी ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेले जमिनीचे तुकडे विखुरलेले आढळतात.

ह्या नोंदीमागे मालगुजारी काळाचा वारसा आहे. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली व गावची पडीत जमीन शासनाकडे गेली. चराई, सरपण इत्यादींसाठी तिचा उपयोग करण्याचा गावाचा निस्तार हक्क मात्र राहिला. ‘झुडपी’ हा शब्द जमिनीवर काय उगवते एवढेच सांगतो. ‘सरकारी’ हा मालक सांगतो. ‘निस्तार’ हा उपभोग कोणाचा ते सांगतो. तीन भिन्न प्रश्नांची ही गल्लत हेच सर्व घोटाळ्याचे मूळ होय.

गोदावर्मन प्रकरणातील १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने, दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीन, मालकी कोणाचीही असो, वनसंवर्धन कायद्याच्या कक्षेत आली. सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगलासही हाच निकष लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी ठरविले. १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जमिनींपुरती तेवढी वाट मोकळी ठेवली.

ह्यावरील चर्चेत एका पक्षास झुडपे हा विकासातील अडसर वाटतो, तर दुसऱ्यास वाघाचा मार्ग. गुराखी दोघांच्याही हिशेबात नाही. जमीन वन ठरली की गावाचा हक्क संपला, हे दोन्हीकडे गृहीतच धरलेले असते. वस्तुतः २००६ चा वनहक्क कायदा निस्ताराला नावानिशी सामूहिक हक्क म्हणून मान्यता देतो आणि वनजमिनीच्या व्याख्येत अवर्गीकृत व मानीव वनांचाही समावेश करतो. तेव्हा वन ठरल्याने गावाचा दावा बुडत नाही. त्यास नवा आधार मिळू शकतो.

अर्थात आदिवासीतर ग्रामस्थांना वनात तीन पिढ्यांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते, ही अट साधी नव्हे. गोसीखुर्दच्या जलाशयामुळे अनेक गावे उठली. ज्या गावाची निस्ताराची जमीन पाण्याखाली गेली आणि नवे गावठाण दुसऱ्याच गावच्या झुडपी जंगलाशेजारी वसले, त्याच्या तीन पिढ्या कोणत्या जमिनीवर मोजावयाच्या?