नफ्याचा हिशेब आणि वालधुनीचे पाणी

सुशासन पाळणारी व पर्यावरण जपणारी कंपनी अधिक नफा मिळविते काय, या प्रश्नाभोवती वाणिज्यशास्त्रात विपुल लेखन झाले आहे. आमच्या मते या लेखनातील मूळ दोष उत्तरात नसून प्रश्नात आहे. ज्या नफ्याला मापदंड मानले जाते, तोच अपुऱ्या हिशेबातून आलेला असतो.

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी उल्हासनगरातून पुढे जाऊन कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात टँकरमधील रासायनिक द्रव्य या नदीत सोडले गेले आणि विषारी वायूने शेकडो रहिवासी आजारी पडले. सांडपाण्यावर प्रक्रिया करण्यापेक्षा टँकर रिकामा करणे स्वस्त असते. ही बचत कोणाच्या तरी वहीत नफा ठरते. रहिवाशांच्या उपचारांचा खर्च मात्र त्या वहीत येत नाही. पुढे २०१५ मध्ये ‘वनशक्ती’ संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल कोट्यवधी रुपयांची भरपाई ठरविली. म्हणजे हिशेब मांडला गेला, पण न्यायासनासमोर आणि फार उशिरा.

सेबीने मे २०२१ मध्ये ‘व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाला’चा नमुना दिला. २०२२-२३ पासून तो बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना बंधनकारक झाला. पाणी किती वापरले, किती व कोठे सोडले, कोणत्या प्रक्रियेनंतर सोडले, हे त्यात विचारले जाते. हा त्याचा गुण निःसंशय मान्य केला पाहिजे. परंतु अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील लहान रासायनिक कारखाने किंवा उल्हासनगरात चालत आलेला जीन्स रंगविण्या-धुण्याचा धंदा या चौकटीत कोठे बसतो? असे बहुतेक कारखाने सूचिबद्ध नसतात. मोठ्या कंपनीने मलिन काम बाहेर करवून घेतले, तर तिचा अहवाल स्वच्छ राहू शकतो. पुरवठादारांविषयीची माहितीही २०२५ च्या परिपत्रकाने केवळ पहिल्या २५० कंपन्यांपुरती आणि ऐच्छिक ठेवली.

मज्झिमनिकायातील अम्बलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात कृतीची परीक्षा ती करण्यापूर्वी, करताना व केल्यानंतर करावयास सांगितली आहे. त्या कृतीने स्वतःला, इतरांना किंवा उभयतांना पीडा होते काय, हे पाहावयाचे असते. शाश्वततेतून नफा वाढतो काय, एवढेच विचारणारा अभ्यास केवळ स्वतःपुरता थांबतो. पर्यावरण जपून नफा घटला, तर त्या तर्कानुसार ते जपण्याचे कारणच उरत नाही.

लहान कारखानदाराला प्रक्रियेचा खर्च पेलत नाही, हा आक्षेप खोटा नाही. पण मग काम देणाऱ्याने दर ठरवितानाच तो खर्च धरला पाहिजे आणि पुरवठादाराचे सांडपाणी कोणत्या नदीत जाते, हे आपल्या अहवालात नमूद केले पाहिजे. तोपर्यंत सुशासन व नफा यांचा जो संबंध सिद्ध झाला म्हणून सांगितला जातो, तो अपूर्ण वहीतील बेरजेवर उभा आहे, असेच आम्हांस म्हणावे लागते.