‘कसा वाटला?’ : चित्रपटविषयक सहज अभिप्राय आणि समीक्षेचा व्यवहार

१

चित्रपट संपतो, दिवे लागतात आणि प्रेक्षक जिन्यापर्यंत पोहोचण्याआधीच ‘कसा वाटला?’ हा प्रश्न विचारला गेलेला असतो. ‘बरा आहे’, ‘एकदा पाहायला हरकत नाही’, ‘पैसे वसूल’, ‘मध्यंतरानंतर ढेपाळला’, ‘डोक्याला ताप’ अशी उत्तरे येतात. दुसऱ्या दिवशी तीच कचेरीत, लोकलच्या डब्यात, चहाच्या टपरीवर पुन्हा दिली जातात. चित्रपटाविषयी समाजात जे काही बोलले जाते त्याचा फार मोठा भाग अशा अभिप्रायांनीच व्यापलेला असतो. समीक्षालेख हा त्या मानाने अत्यल्प भाग. असे असूनही समीक्षेच्या सैद्धांतिक चर्चेत या अभिप्रायांना स्थान मिळालेले नाही. समीक्षेच्या आधीची कच्ची, अविचारित प्रतिक्रिया अशीच त्यांची गणना होते.

या उपेक्षेमागे तीन आक्षेप गृहीत धरलेले असतात. सहज अभिप्राय व्यक्तिनिष्ठ असतो. तो कारणे देत नाही. आणि तो क्षणिक असतो. हे तिन्ही आक्षेप काही अंशी खरे आहेत. परंतु त्यांच्या आधारे अभिप्राय म्हणजे ‘अर्धवट समीक्षा’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. अभिप्राय आणि समीक्षा यांच्यातील भेद पातळीचा नसून व्यवहाराचा आहे, आणि एकातून दुसऱ्यात जाण्याची वाट एका लहानशा प्रश्नातून जाते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

प्रथम अभिप्रायांची भाषिक रूपे पाहिली पाहिजेत. ‘मला आवडला’, ‘चांगला आहे’ आणि ‘बघच’ ही तीन विधाने वरवर समानार्थी वाटतात. पण त्यांची कार्ये वेगळी आहेत. पहिले विधान बोलणाऱ्याच्या मनःस्थितीचा वृत्तान्त देते. दुसरे चित्रपटावर गुण आरोपिते. तिसरे विधानच नव्हे. ती एक विनंती आहे, किंबहुना स्वतःवर थोडी जबाबदारी घेऊन केलेली शिफारस आहे. ऐकणाऱ्याचे तीन तास वाया गेले तर तो ‘तूच सांगितलं होतंस’ असे म्हणू शकतो, याची जाणीव ‘बघच’मध्ये अनुस्यूत असते.

इमान्युएल कांटने ‘क्रिटीक ऑफ जजमेंट’ (१७९०) या ग्रंथात सुखद आणि सुंदर यांत भेद केला आहे. एखादी मदिरा रुचकर आहे असे म्हणणाऱ्याला कोणी ‘तुला रुचकर आहे असे म्हण’ अशी दुरुस्ती सुचवली, तर तो ती खुशीने मान्य करील. परंतु एखादी वस्तू ‘मला सुंदर आहे’ असे म्हणणे कांटच्या मते हास्यास्पद ठरेल; कारण सुंदर म्हणणारा माणूस इतरांच्या संमतीवर हक्क सांगत असतो. हा भेद सामान्य मराठी प्रेक्षक कांट न वाचताही पाळतो. ‘मला नाही आवडला, पण सिनेमा चांगला आहे’ हे वाक्य मराठीत सर्रास बोलले जाते आणि कोणालाही त्यात विसंगती जाणवत नाही. सहज अभिप्राय सर्वस्वी व्यक्तिनिष्ठ असता तर हे वाक्य उच्चारणेच अशक्य झाले असते.

‘टाइमपास आहे’ या अभिप्रायातही असाच एक विवेक दडलेला आहे. त्यात कृतीचे प्रयोजन ओळखून त्या प्रयोजनाच्या मर्यादेत तिचे मूल्यमापन केलेले असते. ‘असंच असतं’ असे म्हणणारा प्रेक्षक चित्रपटाला जीवनाच्या कसोटीवर घासतो. ‘काय टेकिंग आहे!’ असे म्हणणारा रचनेच्या कसोटीवर. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशा दोन ध्रुवांच्या संदर्भात सौंदर्यविचाराची मांडणी केली. ते दोन्ही ध्रुव चहाच्या टपरीवरील बोलण्यातही ओढाताण करीत असतात. तेथे त्यांना ती नावे नसतात, इतकेच.

३

सहज अभिप्रायाचा खरा विशेष मात्र वेगळाच आहे. तो नेहमी कोणाला तरी उद्देशून असतो. एकच प्रेक्षक एकाच चित्रपटाविषयी मित्राला ‘चुकवू नकोस’ म्हणतो, आईला ‘तू नको बघूस, तुला सोसणार नाही’ म्हणतो आणि लहान मुले असलेल्या शेजाऱ्याला ‘मुलांना नेऊ नका’ असे बजावतो. यात अप्रामाणिकपणा नाही. ऐकणाऱ्याचे वय, सोसण्याची शक्ती आणि अपेक्षा यांचा अंदाज घेऊन अभिप्राय घडवलेला असतो. भरताच्या नाट्यशास्त्रात, सत्ताविसाव्या अध्यायात, तरुण, विरक्त, शूर, वृद्ध अशा निरनिराळ्या प्रेक्षकांचा संतोष निरनिराळ्या गोष्टींत असतो हे मान्य केलेले आहे. सहज अभिप्राय हे तत्त्व प्रत्यक्ष वापरतो. समीक्षालेख मात्र अनिश्चित, अमूर्त अशा वाचकासाठी लिहिला जातो. त्यामुळे त्याला व्यापकता लाभते. पण समोरचा माणूस हरवतो.

येथे आणखी एक भेद करणे आवश्यक आहे. चित्रपट न पाहिलेल्याला दिलेला अभिप्राय आणि पाहिलेल्याशी केलेली देवाणघेवाण हे दोन स्वतंत्र व्यवहार आहेत. पहिल्यात ‘शेवट सांगू नकोस’ हा शिष्टाचार पाळावा लागतो. म्हणजे कृतीच्या अर्थाचा जो निर्णायक बिंदू, तोच बोलण्याबाहेर ठेवावा लागतो. दुसऱ्यात ते बंधन नसते. समीक्षेचे बीज या दुसऱ्या व्यवहारातच संभवते. त्याचे स्वरूप एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहणे इष्ट ठरेल.

४

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि मराठी समाजात क्वचितच एखाद्या चित्रपटावर झाले असेल इतके बोलणे त्याच्यावर झाले. त्या बोलण्यातील दोन अभिप्राय विशेष लक्षणीय आहेत. ‘पहिला भाग भन्नाट, दुसरा लांबला’ हा एक, आणि ‘शेवट असा नको होता’ हा दुसरा.

पहिला अभिप्राय रचनेविषयीचे निरीक्षण आहे आणि निरीक्षण म्हणून तो अचूक आहे. पूर्वार्धाला उचलून धरणारी अजय-अतुल यांची गाणी उत्तरार्धात नाहीत. विहीर, ऊस, बुलेट आणि संथगतीची दृश्ये मागे पडतात. हैदराबादेतील झोपडपट्टीची खोली, न कळणारी भाषा, मजुरी, संशय आणि भांडण ही नवी सामग्री पुढे येते. प्रेम हा उत्सव राहत नाही, तो रोजचा संसार होतो. काळ ‘लांबणे’ हा या बदलाचा रूपबंधात्मक आविष्कार आहे, असे समीक्षक म्हणू शकेल. परंतु त्यामुळे प्रेक्षकाचा अभिप्राय खोटा ठरत नाही. प्रेक्षकाने जे अनुभवले त्याचेच कारण समीक्षक शोधत असतो.

डेव्हिड ह्यूमने अभिरुचीच्या निकषावरील आपल्या १७५७ च्या निबंधात ‘डॉन किहोते’मधील एक कथा सांगितली आहे. सँचोच्या दोन नातलगांना पिंपातील मदिरेविषयी मत विचारले जाते. मदिरा उत्तम आहे, पण तिला चामड्याचा किंचित वास आहे, असे एक म्हणतो. दुसऱ्याला लोखंडाची चव लागते. दोघांचीही टर उडवली जाते. शेवटी पिंप रिकामे होते आणि तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक किल्ली सापडते. ह्यूमचा भर त्या दोघांच्या सूक्ष्म संवेदनक्षमतेवर आहे. प्रस्तुत संदर्भात कथेचे दुसरेही एक अंग महत्त्वाचे वाटते. त्या दोघांना किल्ली दिसली नव्हती. त्यांना फक्त चव कळली होती. ‘दुसरा भाग लांबला’ हा अशाच चवीचा निर्वाळा आहे. पिंप रिकामे करण्याचे काम समीक्षेचे. पण चव घेणाऱ्याची टर उडवून ते काम सुरू करता येत नाही.

५

दुसरा अभिप्राय अधिक गुंतागुंतीचा आहे. ‘सैराट’ पाहताना चित्रपटगृहांत प्रेक्षक ‘झिंगाट’वर उठून नाचले, याची त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली. भरताने मानुषी सिद्धीचे जे वर्णन केले आहे त्यात हास्य, साधुवाद, हळहळ, रोमांच आणि आसनावरून उठणे या सर्वांचा समावेश आहे. नाचणारा प्रेक्षक त्या वर्णनात सहज बसतो. दैवी सिद्धी मात्र भरताला जेथे रंगगृह भरलेले आहे आणि तरीही शब्द नाही, क्षोभ नाही, अशा ठिकाणी दिसते. ‘सैराट’च्या शेवटी माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात आणि आर्ची व परश्या यांची हत्या होते. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले त्यांचे तान्हे मूल परतते आणि रक्तात उमटलेली पावले मागे ठेवून निघून जाते. या ठिकाणी ध्वनी थांबतो. पडद्यावरील ही नि:शब्दता प्रेक्षागृहालाही गप्प करते. दोन्ही प्रकारच्या सिद्धी एकाच प्रयोगात, एकाच प्रेक्षकवर्गाकडून मिळवणे आणि पहिलीमुळे दुसरी अधिक असह्य करणे, हे या चित्रपटाचे सामर्थ्य होय. मघाशी नाचलेला प्रेक्षक आता स्वतःच्या नाचण्याकडेही पाहू लागतो.

या शांततेतून बाहेर पडल्यावर उच्चारले जाणारे पहिले वाक्य अनेकदा ‘शेवट असा नको होता’ हेच असते. या वाक्याचे दोन अर्थ संभवतात. ‘त्या दोघांच्या बाबतीत असे घडायला नको होते’ हा एक अर्थ. त्यात करुणा आहे, आणि जे घडले त्याचा निषेधही आहे. ‘असे दाखवायला नको होते’ हा दुसरा अर्थ. त्यात प्रेमकथेचा आनंद अबाधित राहावा अशी अपेक्षा आहे. कधीकधी, जातीच्या प्रतिष्ठेसाठी होणारी हत्या नजरेआड राहावी ही इच्छाही आहे. पहिला अर्थ चित्रपटाच्या बाजूने उभा राहतो. दुसरा त्याच्या विरुद्ध. शब्द मात्र तेच आहेत. आवाजाच्या चढउतारावरूनही नेहमी निवाडा करता येत नाही. बोलणाऱ्यालासुद्धा आपल्याला कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे त्या क्षणी ठाऊक असेलच असे नाही.

ते ठरते ऐकणाऱ्याने ‘का?’ असे विचारल्यावर. या प्रश्नाला बोलणारा दोन प्रकारे सामोरा जाऊ शकतो. ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून तो माघार घेऊ शकतो. म्हणजे ‘शेवट नको होता’ या मूल्यविधानाचे ‘मला आवडला नाही’ या वृत्तान्तात रूपांतर करून सुटका करून घेऊ शकतो. वादापासून संरक्षण देणारा हा वाक्प्रचार वरकरणी उदारमतवादी आहे. पण ‘सैराट’सारख्या कृतीच्या संदर्भात तो निष्पाप राहत नाही. पाटलाच्या मुलीने मच्छीमाराच्या मुलाशी लग्न केले म्हणून झालेल्या हत्येविषयीचे मत हा आवडीनिवडीचा प्रश्न असू शकत नाही. दुसरा मार्ग, थांबून कारण शोधण्याचा. ते शोधताना त्याला चित्रपटाकडे परत जावे लागते, शेवटाची तयारी आधी कोठे होती हे आठवावे लागते, आणि आपण कोठे उभे राहून हा चित्रपट पाहिला हेही तपासावे लागते. दुसरा मार्ग स्वीकारला त्या क्षणी अभिप्रायाची समीक्षा होऊ लागते. लेखणी हाती असणे ही त्याची पूर्वअट नव्हे.

‘सैराट’वर आधारित ‘धडक’ हा हिंदी चित्रपट २०१८ मध्ये आला तेव्हा या शोधाला आणखी एक साधन मिळाले. कथा उदयपूर आणि कोलकाता येथे गेली, जातीचा संदर्भ पुसट झाला आणि शेवटी नायिका जिवंत राहिली. ‘सैराटची सर नाही’ हा अभिप्राय तुलनेवर उभा आहे, आणि तुलना हे कारणमीमांसेचे सर्वांत जुने साधन आहे. ज्याला मूळ शेवट नको होता त्यालाच बदललेला शेवट उणा वाटला, तर आपल्या पहिल्या अभिप्रायाचा अर्थ त्याला पुन्हा लावावा लागतो.

६

याचा अर्थ सहज अभिप्रायाचे उदात्तीकरण करावे असा नाही. पुष्कळ अभिप्राय ऐकीव असतात. ‘सगळे बघतायत’ हेच अनेकदा गुणवत्तेचे प्रमाण मानले जाते. गल्ल्याच्या आकड्याने युक्तिवादाची जागा घेतलेली असते. दैनिकांतील तारांकनात तर दोन्ही व्यवहारांतील उणिवा एकत्र येतात. साडेतीन तारे कोणासाठी हे ठरत नाही, आणि ते का हे विचारण्याची सोय नसते. संख्येला ‘का?’ विचारता येत नाही.

तथापि समीक्षेनेही स्वतःला तपासणे आवश्यक आहे. उपाहारगृहात एखाद्या चित्रपटाविषयी तावातावाने, नेमकेपणाने बोलणारा पदव्युत्तर विद्यार्थी उत्तरपत्रिकेत किंवा शोधनिबंधात ‘कथानक’, ‘व्यक्तिचित्रण’, ‘वातावरणनिर्मिती’ अशा मथळ्यांखाली निर्जीव वाक्ये रचतो, हा अनुभव अध्यापकांना नवा नाही. ‘मला’ पुसून टाकून कर्मणी प्रयोग योजला की वस्तुनिष्ठता येते, असे त्याला शिकवले गेलेले असते. प्रत्यक्षात त्या शिक्षणात दोन गोष्टी हरवतात. आपण कोणाशी बोलत आहोत हे भान, आणि आपल्याला कोणी उलट विचारील ही धास्ती. अभिप्रायात या दोन्ही असतात; केवळ कारणाची जबाबदारी नसते. समीक्षेने ती जबाबदारी घेतली, पण ते भान गमावले, तर ती अभिप्रायापेक्षा श्रेष्ठ ठरते असे म्हणता येणार नाही.

‘कसा वाटला?’ या प्रश्नाला प्रत्येक प्रेक्षक उत्तर देतो. त्या उत्तरानंतर ‘का?’ असे विचारणारा श्रोता आणि तो प्रश्न टाळू न पाहणारा वक्ता, या दोघांवर समीक्षेचे अस्तित्व अवलंबून आहे. ही दोन माणसे जिन्यावर भेटतात तशी समीक्षालेखाच्या पानावरही भेटली पाहिजेत.