धर्मग्रामाचा इतिहास कोणत्या पानावर असतो?

रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव किंवा शताब्दी जवळ आली, की धर्मग्रामात दोन गोष्टी ठरून जातात : एक मंदिराची रंगरंगोटी आणि दुसरी स्मरणिका. रंग चार पावसाळ्यांत फिका पडतो. स्मरणिका मात्र घरोघरच्या कपाटात राहते आणि पुढच्या पिढीला ‘आपला इतिहास’ म्हणून तीच हाती लागते. मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार करताना आपण काव्य, नाटक, आत्मचरित्र यांची समीक्षा करतो. परंतु आपल्या घरात सर्वांत सहजपणे पोहोचणाऱ्या या लेखनप्रकाराकडे समीक्षक सहसा फिरकत नाही. तो प्रयत्न आम्ही येथे करीत आहो.

आम्ही हे वाशीहून लिहीत आहो. धाराशिव जिल्ह्यातील, बालाघाटाच्या रांगेतले हे तालुक्याचे गाव. वसईच्या माणसाला धर्मग्राम ही गोष्ट हवेसारखी गृहीत असते. पण घंटेचा आवाज जेथवर पोहोचत नाही, तेथे राहणाऱ्या कुटुंबाला कधी ना कधी विचारावेच लागते की, धर्मग्राम म्हणजे नेमके काय? इमारत, हद्द, की आणखी काही? या प्रश्नाला आमच्या जिल्ह्यात एक विशेष निमित्तही घडले. जानेवारी २०२० मध्ये जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि अध्यक्षस्थानी वसईतील नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. एका ग्रामीण धर्मग्रामात वाढलेला कॅथलिक धर्मगुरू मराठी साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर बसला, याचा अभिमान सर्वांनाच वाटला. पण त्या अभिमानातून एक खंतही उमटली : ज्या धर्मग्रामाने असा लेखक घडवला, त्या धर्मग्रामाचे जीवन आपल्या स्वतःच्या लेखनात कितीसे उतरले आहे?

गेल्या काही वर्षांत आमच्या वाचनात आलेल्या स्मरणिका आम्ही पुन्हा चाळल्या. त्यांची घडण बहुधा एकसारखीच आढळते. आरंभी शुभसंदेश, मग पायाभरणी केव्हा झाली, मनोरा कोणी बांधला, घंटा कोठून आली. त्यानंतर प्रमुख धर्मगुरूंची कालानुक्रमे नामावली, धर्मभगिनींच्या मठाची व शाळेची वाटचाल, देणगीदारांची यादी आणि जाहिराती. ही माहिती निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. ती गोळा करणाऱ्या प्रापंचिक कार्यकर्त्यांचे श्रमही आम्ही जाणतो. तरीही सर्व वाचून झाल्यावर ध्यानात येते की, या इतिहासात दगड आहेत, धर्मगुरू आहेत, पण लोक नाहीत. लोक येतात ते छायाचित्रात, गर्दी म्हणून.

इमारत आणि धर्मग्राम यांची अशी गल्लत करणे किती चुकीचे आहे, हे वसईच्याच इतिहासावरून दाखवता येते. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगिजांकडे आली. पुढील दोनशे वर्षांत किल्ल्याच्या आत भव्य चर्चे व मठ उभे राहिले आणि बाहेरच्या गावांतही धर्मग्राम स्थापन झाले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्याने किल्ला जिंकला. पोर्तुगीज सत्ता गेली, युरोपीय संन्यासी संघ निघून गेले आणि किल्ल्यातील त्या वास्तूंचे आज भग्नावशेष उरले आहेत. इमारत म्हणजेच धर्मग्राम असता, तर वसईतील ख्रिस्ती जीवन तेथेच संपले असते. ते संपले नाही. स्थानिक धर्मगुरूंनी गावोगावच्या लोकांना संस्कार देणे चालू ठेवले. मुलांचे बाप्तिस्मे होत राहिले, लग्ने लागत राहिली, मृतांना प्रार्थनापूर्वक माती मिळत राहिली. राजसत्ता मराठ्यांची झाली, इंग्रजांची झाली. धर्मसत्तेच्या बाजूनेही गोवा, १८८६ पासून दमण, १९२८ पासून मुंबई आणि १९९८ पासून स्वतंत्र वसई धर्मप्रांत असे बदल झाले. या सर्व उलथापालथीतून जे अखंड राहिले, ते कोणत्याही मनोऱ्यावर कोरलेले नाही. ते संस्कारांत आहे. म्हणून आमचे म्हणणे असे की, धर्मग्रामाचा इतिहास म्हणजे प्रथमतः त्याच्या संस्कारजीवनाचा इतिहास होय. बाकीचे सारे त्याचे नेपथ्य आहे.

या इतिहासाचे साधन आपल्या हाताशीच असते, आणि ते म्हणजे धर्मग्रामाच्या नोंदवह्या. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा नियम घालून दिला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूच्या नोंदींनाही पद्धत लावून दिली. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचा ५३५वा नियम याच परंपरेतला आहे. जुन्या वह्या काळजीपूर्वक जपाव्यात, असेही तो बजावतो. पण जपणे म्हणजे कुलूप लावून वाळवीच्या हवाली करणे नव्हे.

या वहीतले एक पान साहित्याचा अभ्यासक वाचतो तसे वाचून पाहावे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बालकाचे नाव, जन्मतारीख, आईबाप, धर्ममाता व धर्मपिता आणि संस्कार देणारा धर्मगुरू एवढेच असते. ओळ कोरडी दिसते. परंतु त्याच नोंदीला पुढे दृढीकरणाची, विवाहाची, दीक्षेची वा व्रतग्रहणाची टीप जोडली जाते. लग्न दुसऱ्या धर्मग्रामात लागले, तरी त्याची खबर बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाला कळवावी लागते. मुलगी सासरी जाते, पण तिच्या लग्नाची वार्ता माहेरच्या पानावर परत येते. लोकगीतातील सासुरवाशीण माहेरचा निरोप आणणाऱ्याची वाट पाहते. येथे प्रत्यक्ष धर्मसभाच निरोप्याचे काम करते. इतके बोलके पान आपल्या किती स्मरणिकांच्या संपादकांनी उघडून पाहिले असेल?

मृत्यूच्या वहीचेही तसेच. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली, आणि २०२० नंतरची कोविडची वर्षे तर आपण स्वतः पाहिली आहेत. त्या त्या वर्षांच्या नोंदी मोजल्या, मृतांची वये पाहिली, शेवटचा तैलाभ्यंग कोणाला मिळाला व कोणाला मिळू शकला नाही हे तपासले, तर कोणत्याही गौरवलेखापेक्षा अधिक सत्य हाती येईल. वहीत जे लिहिलेले नसते, तेही ऐकले पाहिजे. प्राणसंकटात कोणीही माणूस योग्य हेतूने बाप्तिस्मा देऊ शकतो, हा धर्मसभेचा नियम आहे. एखाद्या सुईणीने मध्यरात्री कंदिलाच्या उजेडात अर्भकाच्या कपाळावर पाणी ओतले असेल, तर धर्मग्रामाच्या इतिहासात तिचे स्थान मनोरा बांधणाऱ्या कंत्राटदाराच्या खाली असावे काय?

येथे मराठीतील पहिल्या मोठ्या ख्रिस्ती ग्रंथाचे उदाहरण उद्‌बोधक ठरावे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा गौरव आपण नेहमी मराठी भाषेच्या स्तुतीसाठी करतो. पण तो लिहिला गेला कोणासाठी? साष्टीच्या गावांतील नवदीक्षित श्रोत्यांसाठी. बाप्तिस्मा झाला, जुनी पुराणे सुटली, आता कानाला काय ऐकवायचे, ही त्या ग्रामीण ख्रिस्ती माणसाची खरीखुरी भूक होती आणि स्टीफन्स यांनी ती ओळखली. १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन मुद्रित आवृत्त्या निघाल्या, पण त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. त्या पोथ्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती काढली. म्हणजे छापलेले नाहीसे झाले आणि वापरातले उरले. स्मरणिकाकारांनी यातून बोध घ्यावा असे आम्हांस वाटते.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक उणीव सांगू. व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने मातृभाषेला वाट मोकळी करून दिली आणि पुढील काही वर्षांत मिस्सा मराठीत होऊ लागली. स्मरणिकांत या घटनेला फार तर एक ओळ मिळते. वस्तुतः ही धर्मग्रामाच्या अंतरंगातली केवढी मोठी घटना! तोवर वेदीवर लॅटिन, प्रार्थनापुस्तकात मराठी आणि वसईसारख्या ठिकाणी घरी सामवेदी किंवा वाडवळी बोली, असे भाषेचे तीन मजले होते. धर्मगुरूची पाठ दिसत असताना, शब्द कळत नसताना, लोक त्या वेळात काय करीत? माळेचे मणी ओढीत, की आपल्याच शब्दांत देवाशी बोलत? आणि पहिल्यांदा आपल्या भाषेत मिस्सा ऐकली, तेव्हा त्यांना काय वाटले? आनंद झाला, की काहीतरी गूढ हरवल्याची हुरहुर लागली? हे सांगू शकणारी माणसे आज पंचाहत्तरी ओलांडून गेली आहेत. पुढच्या महोत्सवापर्यंत ती थांबतीलच असे नाही.

आता आमच्या मराठवाड्याकडे वळू, कारण येथे हा प्रश्न केवळ वाङ्मयीन उरत नाही. निजामाच्या राज्यातील या भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात संत फ्रान्सिस द सेल्स संघाचे मिशनरी नागपूरकडून आले आणि आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील घोगरगाव त्यांच्या कार्याचे केंद्र झाले. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला. वसईच्या मानाने हा इतिहास कोवळा आहे. येथील ग्रामीण ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग दलित जातींतून आलेला आहे. त्यांच्या दृष्टीने बाप्तिस्म्याची नोंद म्हणजे केवळ स्वर्गाच्या वहीतले नाव नव्हे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना तो मिळालेला नाही. २०२२ मध्ये केंद्र शासनाने या प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका दाव्याचा निकाल देताना तर चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंदच पुरावा म्हणून विचारात घेतली.

याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. जी वही वसईत वंशावळीचा अभिमान असते, तीच मराठवाड्यात मुलाच्या शिक्षणाची किंमत ठरू शकते. दर रविवारी मिस्सेला येणारा, पण बाप्तिस्म्याच्या उंबरठ्यावर वर्षानुवर्षे थांबलेला माणूस. शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि वेदीपुढे दुसरे नाव असलेली स्त्री. यांना ढोंगी म्हणणे फार सोपे आहे. ज्यांना अशी निवड कधी करावी लागली नाही, त्यांनी तर तो शब्द उच्चारूच नये. पण या माणसांची घालमेल ज्या इतिहासात नाही, तो इतिहास ‘इतके बाप्तिस्मे झाले’ असे सांगून थांबतो आणि प्रत्येक बाप्तिस्म्यामागचे धैर्य, तसेच थांबून राहिलेल्यांचे दुःख, दोन्ही झाकून टाकतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. हे सारे उघड लिहिले, तर जिवंत माणसांना इजा होणार नाही काय? होऊ शकते. नोंदवही ही विश्वासाने सोपवलेली ठेव आहे आणि पापनिवेदनाची गुप्तता तर अभंगच आहे. म्हणून इतिहासकाराने नावे सांगू नयेत; हयात व्यक्तींच्या नोंदी प्रमुख धर्मगुरूंच्या व संबंधितांच्या संमतीवाचून वापरू नयेत. परंतु नाव झाकणे वेगळे आणि प्रश्न झाकणे वेगळे. आजवर आपण नावे मोठ्या अक्षरांत छापली आणि प्रश्न मात्र झाकून ठेवला.

फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी प्रभुघरी गेले. ‘सुवार्ता’चे संपादकपद, ‘सुबोध बायबल’सारखा ग्रंथ आणि हरित वसईचा लढा या तिन्ही गोष्टी त्यांच्या ठायी वेगळ्या नव्हत्या. वेदीवर अर्पण होणारी भाकर शेतातून येते आणि बाप्तिस्म्याचे पाणी विहिरीतून, हे जाणणाऱ्या धर्मगुरूला विहिरी वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरणे हे संस्कारजीवनाबाहेरचे वाटले नाही. धर्मग्रामाच्या इतिहासात हीच एकात्मता यावयास हवी. आपल्या स्मरणिकांत मात्र ‘आध्यात्मिक कार्य’ एका पानावर असते आणि ‘सामाजिक कार्य’ दुसऱ्या.

सुजाण वाचकांना आमची विनंती एवढीच आहे. तुमच्या धर्मग्रामाचा पुढचा महोत्सव दहा वर्षांनी असो वा पंचवीस, काम आजच आरंभावे. प्रमुख धर्मगुरूंची अनुमती घेऊन जुन्या वह्यांच्या प्रती करून ठेवाव्यात. गावातील वृद्ध स्त्रीपुरुषांना त्यांच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या, लग्नाच्या, घरातील शेवटच्या तैलाभ्यंगाच्या आठवणी विचाराव्यात आणि त्या त्यांच्याच बोलीत टिपून घ्याव्यात. सुईणी, घंटा वाजवणारे, कबरी खणणारे, वाडीवस्तीवर प्रार्थना सांगणारे धर्मशिक्षक यांना धर्मगुरूंच्या नामावलीइतकीच जागा द्यावी. स्मरणिका थोडी जाड होईल आणि कदाचित चार जाहिराती कमी घ्याव्या लागतील.

मंदिर बांधायला पैसा लागतो. तो कधी मिळतो, कधी मिळत नाही. पण जेथे एका बालकाच्या मस्तकावर पाणी ओतले गेले आणि कोणीतरी त्याचे नाव वहीत लिहिले, तेथे धर्मग्रामाचा इतिहास सुरू झालेला असतो. ते पान वाळवीच्या आधी आपण उघडावे.