चिनी भाषकांसाठी इंग्रजीचा सराव : 'न्यू कन्सेप्ट इंग्लिश'मधील स्वाध्यायांची चिकित्सा

प्रस्तावना :
परभाषेच्या पाठ्यपुस्तकाची समीक्षा करताना त्यातील पाठांची चर्चा पुष्कळ होते. स्वाध्यायांकडे मात्र समीक्षकाचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक विद्यार्थ्याचा अधिक वेळ स्वाध्याय सोडविण्यातच खर्च होतो. एल. जी. अलेक्झांडर यांची 'न्यू कन्सेप्ट इंग्लिश' ही चार भागांची मालिका १९६७ मध्ये लाँगमनने प्रसिद्ध केली. चीनमध्ये तिचा मोठा प्रसार झाला. १९९७ मध्ये ह छीशिन यांच्या सहकार्याने तिची नवी आवृत्ती निघाली. शब्दांचे चिनी अर्थ, पाठांची भाषांतरे आणि टिपा यांची जोड देऊन ती चिनी विद्यार्थ्यांसाठी सिद्ध करण्यात आली. व्याकरण, शब्दसंपत्ती आणि आकलन यांचा जो सराव ही मालिका घडविते, तो चिनी भाषकाच्या नेमक्या अडचणीपर्यंत पोहोचतो काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विवेचन मुख्यतः ९६ पाठांच्या दुसऱ्या भागापुरते मर्यादित आहे.

मालिकेचे बलस्थान :
या भागातील प्रत्येक पाठात प्रथम एक छोटा, बहुधा विनोदी वळणाचा उतारा येतो. त्यानंतरचे सर्व स्वाध्याय त्याच उताऱ्यातून उगवतात. सुटी वाक्ये घोकविणाऱ्या जुन्या व्याकरणपुस्तकांच्या तुलनेत हा फार मोठा गुण होय. आरंभीच्या पाठातच वाक्यातील शब्दक्रमाचा क्रमांकित तक्ता दिलेला आहे : कर्ता, क्रिया, कर्म, रीती, स्थळ आणि काळ. चिनी भाषकाला हा तक्ता विशेष उपयुक्त ठरतो. चिनी वाक्यात क्रियापद इंग्रजीप्रमाणेच कर्मापूर्वी येते. परंतु काळ आणि स्थळ दर्शविणारे शब्द सामान्यतः क्रियापदाच्या आधी येतात. 'मी काल ग्रंथालयात वाचले पुस्तक' असा तो क्रम असतो. इंग्रजीत स्थळ आणि काळ वाक्याच्या शेवटाकडे जातात. पुढील घटकांत या रचनेची पुनरावृत्ती होते, हेही योग्यच आहे.

रिकाम्या जागेची मर्यादा :
प्रत्येक पाठाच्या शेवटी १२ बहुपर्यायी प्रश्न असतात. आकलन, रचना आणि शब्दसंपत्ती अशी त्यांची विभागणी आहे. मालिकेचा दुबळा भाग येथे आढळतो. बहुपर्यायी प्रश्नातील रिकामी जागा स्वतःच सांगते की, येथे काहीतरी हवे आहे. चिनी भाषकाची मूळ अडचण मात्र 'कोणते हवे' ही नसून 'काही हवे आहे' हे जाणवण्याची आहे. चिनी भाषेत 'अ' व 'द' यांसारखी उपपदे नाहीत, नामाला सर्वत्र अनेकवचनी प्रत्यय लागत नाही, क्रियापद काळानुसार बदलत नाही. भूतकाळ हा 'काल' यासारख्या शब्दावरून किंवा संदर्भावरून समजतो. क्रियेची पूर्णता 'ल' सारख्या अव्ययाने दाखविली जाते. त्यामुळे 'यस्टर्डे' हा शब्द प्रश्नातच दिसला की विद्यार्थी अचूक पर्याय निवडतो. तोच विद्यार्थी दहा ओळींची गोष्ट लिहू लागला की चौथ्या ओळीपासून क्रियापदे वर्तमानकाळात घसरतात. प्रश्नाने त्याच्या हाती कुबडी दिली होती. लेखनात ती नसते.

सर्वनामांचे उदाहरण अधिक बोलके आहे. 'तो', 'ती' आणि 'ते' या तिन्हींसाठी चिनी बोलण्यात 'था' हा एकच उच्चार आहे. भेद केवळ लिपिचिन्हांत आहे. म्हणून 'ही' व 'शी' यांचा नियम पक्का ठाऊक असलेला प्रौढ विद्यार्थीही बोलताना चुकतो. लेखी पर्यायांतून ही चूक कधीच उघड होत नाही.

शब्दसंपत्तीबाबतही हेच म्हणता येईल. इंग्रजी शब्दासमोर चिनी प्रतिशब्द ठेवल्याने दोन्ही शब्दांचा आवाका सारखाच आहे असा समज होतो. चिनी 'खाय' या क्रियापदाने दारही उघडते आणि दिवाही लागतो. 'खान' या क्रियापदाने पुस्तक वाचलेही जाते आणि दूरचित्रवाणी पाहिलीही जाते. 'ओपन द लाइट' हा प्रयोग या शब्दयादीतूनच जन्मतो. उपपदाला तर प्रतिशब्दच देता येत नाही.

आकलनाच्या वाट्याला प्रश्न थोडे येतात. चिनीत विशेषणात्मक उपवाक्य नामाच्या आधी येते, इंग्रजीत नंतर. लांब इंग्रजी वाक्यात वाचकाचा धागा नेमका येथे तुटतो. त्याचा स्वतंत्र सराव या प्रश्नांत आढळत नाही.

आक्षेप आणि उत्तर :
सर्व चुका मातृभाषेतून येतात असे मानणे एकांगी ठरेल. रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ मध्ये भाषाभेदावर भर दिला. १९६७ मध्ये, म्हणजे ही मालिका निघाली त्याच वर्षी, पिट कॉर्डर यांनी चुकीकडे विद्यार्थ्याच्या घडत्या भाषाव्यवस्थेचा पुरावा म्हणून पाहिले. तृतीयपुरुषी 'एस' अन्य भाषकांचाही गळतो. परंतु चुकांचे कारण कोणतेही असो, त्या मुक्त लेखनातच दिसतात. ग्वेइ शिछुन आणि यांग हुइचुंग यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला सुमारे १० लक्ष शब्दांचा चिनी विद्यार्थ्यांचा इंग्रजी लेखनसंग्रह महत्त्वाचा ठरतो, तो याच कारणाने.

या दोषावरील उपाय मालिकेतच आहे, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. उताऱ्यावरील प्रश्नांची पूर्ण वाक्यांत उत्तरे लिहून ती ठरावीक शब्दमर्यादेच्या परिच्छेदात गुंफण्याचा सारांशलेखनाचा स्वाध्याय दुसऱ्या भागात आहे. तेथे रिकामी जागा नाही. काळ, उपपद, सर्वनाम यांची निवड विद्यार्थ्यालाच करावी लागते. मात्र तो तपासण्यास शिक्षकाचा वेळ लागतो, तर पर्याय उत्तरसूचीवरून क्षणात तपासता येतात. १९७७ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या 'गाओखाओ' या प्रवेशपरीक्षेत सर्वसाधारणपणे ७५० पैकी १५० गुण इंग्रजीला असतात. अशा स्पर्धेत झटपट तपासता येणारा स्वाध्यायच पुढे सरकतो, यात नवल नाही.

निष्कर्ष :
१) मालिकेची पाठरचना एकात्म आहे, तिचे बहुपर्यायी प्रश्न मात्र ती एकात्मता मोडतात.
२) बहुपर्यायी प्रश्न नियमाचे ज्ञान मोजतात, गरज ओळखण्याची क्षमता मोजत नाहीत.
३) चिनी भाषकाला रिकामी जागा नसलेला उतारा देऊन 'काय राहिले आहे' ते शोधावयास लावणे आणि सारांशलेखनास अग्रक्रम देणे अधिक फलदायी ठरेल.

हा प्रश्न केवळ चीनचा नाही. चिनी विद्यार्थी 'ऑलदो'नंतर 'बट' लिहितो, कारण त्याच्या भाषेत ही जोडी सोबतच येते. 'जरी–तरी'च्या सवयीने मराठी विद्यार्थीही तेच करतो. मराठीतही उपपदे नाहीत. तेव्हा आपल्या प्रश्नपत्रिकांतील रिकाम्या जागा नेमके काय मोजतात, याचा विचार इंग्रजीच्या अध्यापकांनी करणे अगत्याचे आहे.