छापलेला नसलेला पर्याय

लातूर-नांदेडच्या मुलांना ‘ऑप्शन’ शिकवावे लागत नाहीत. ‘लातूर पॅटर्न’च्या ख्यातीत आणि गल्लोगल्लीच्या क्लासच्या पाट्यांखाली वाढणारं पोरगं शाळेतच हे पक्कं जाणतं, की प्रश्नाखाली चार पर्याय असतात आणि त्यातला एकच खरा. पुढे ‘नीट’ला उत्तर बरोबर आलं तर ४ गुण, चुकलं तर १ वजा, सोडून दिलं तर शून्य. अशा मुलाला पर्यायच असलेली, पण उत्तरसूची नसलेली गोष्ट का आवडावी? तर तिथे पर्याय निवडून झाल्यावरही विचार संपत नाही म्हणून.

अशा गोष्टींची पुस्तकं इंग्रजीत फार गाजली. एडवर्ड पॅकर्ड हा अमेरिकी वकील रात्री आपल्या मुलींना गोष्ट सांगताना अडला. पुढे काय करायचं, हे त्याने मुलींनाच विचारलं, तर प्रत्येकीने वेगळी वाट सांगितली. त्यातून सुचलेल्या कल्पनेची पुढे ‘चूज युअर ओन ॲडव्हेंचर’ ही मालिका झाली आणि तिचं पहिलं पुस्तक, पॅकर्डचं ‘द केव्ह ऑफ टाइम’, १९७९ मध्ये आलं. त्यातला नायक म्हणजे ‘तू’. गुहेत शिरायचं तर हे पान, माघारी फिरायचं तर ते. वाट चुकली की मूल मागच्या पानात अडकवून ठेवलेल्या बोटापाशी परत येतं आणि दुसरी वाट धरतं. परीक्षेत न मिळणारी ही मुभा आहे.

पण गोष्ट थांबवून ऐकणाऱ्यालाच पेचात टाकायची कला आपल्या गोदाकाठी फार जुनी. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला. त्यातल्या वेताळकथांचा राजा त्रिविक्रमसेन हा प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. पैठणहून निघालेलं गोदेचं पाणी पुढे नांदेडला येतं. म्हणजे एका भिक्षूसाठी झाडावरचं, वेताळ शिरलेलं प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून चालणारा हा राजा मराठवाड्याचाच. १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या ‘चांदोबा’ने त्याला विक्रम म्हणून घरोघर नेलं. चित्रकार शंकर यांनी काढलेला, तलवार घेतलेला तो राजा आणि त्याच्या पाठीवरचा वेताळ कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांसमोर आहे.

या कथांची बांधणी नीट पाहावी. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी वेताळ प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शंभर शकलं होणार आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. म्हणजे बरोबर उत्तराचं बक्षीस काय, तर पहिल्यापासून सुरुवात! राजा न कंटाळता परत जातो. पानात बोट ठेवून मागे येणारं मूलही याच चिकाटीने खेळतं.

दुसरीच गोष्ट घ्या. मंदारवतीला तिघे मागणी घालतात आणि ती अचानक मरते. एकजण तिच्या चितेच्या राखेवर झोपतो, दुसरा अस्थी गंगेत नेतो, तिसरा देशोदेशी फिरून संजीवन मंत्र मिळवतो. ती जिवंत होते. आता ती कोणाची? वाचक झटकन म्हणतो, जीव देणाऱ्याची. राजा म्हणतो, जीव दिला तो बाप झाला, अस्थी नेल्या त्याने मुलाचं कर्तव्य केलं, राखेला बिलगून राहिला तोच पती. सोमदेवाची कारागिरी इथे आहे. तिघांच्याही बाजूने बोलता येईल एवढं त्याने प्रत्येकाला दिलं आहे. निवाडा घटनेतून निघत नाही, निवाडा करणारा कोणतं माप लावतो यावर ठरतो. आज ही गोष्ट उदगीर किंवा देगलूरच्या वर्गात सांगितली, तर एखादी मुलगी विचारील, “तिलाच का नाही विचारलं?” हा पर्याय ना वेताळाने दिला, ना राजाला सुचला.

शेवटची कोडेकथा याहून पुढे जाते. एक राजा आणि त्याचा मुलगा रानात दोन स्त्रियांची पावलं पाहतात आणि ठरवतात, मोठं पाऊल बापाचं, लहान मुलाचं. पण मोठ्या पावलाची निघते मुलगी आणि लहान पावलाची तिची आई. शब्द पाळून लग्नं होतात. त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? अपुऱ्या खुणांवरून वाट निवडायची आणि मग तिचं ओझं वाहायचं, हा फांद्या फुटणाऱ्या गोष्टींचा गाभाच या दोन पावलांत आहे. इथे राजाला उत्तर सुचत नाही. तो गप्प चालत राहतो आणि त्यामुळेच सुटतो. प्रसन्न झालेला वेताळ त्याला कपटी भिक्षूचा डाव सांगून वाचवतो. तेवीस अचूक उत्तरांनी न उघडलेली वाट एका प्रामाणिक ‘ठाऊक नाही’ने उघडते. ‘नीट’मध्ये याला शून्य मिळालं असतं.

पॅकर्डच्या ‘इनसाइड यूएफओ ५४-४०’ या १९८२ च्या पुस्तकातही अशीच खोडी आहे. त्यातल्या अल्टिमा या स्वप्नवत ग्रहाचं पान पुस्तकात आहे, पण कोणताही पर्याय निवडून तिथे पोचता येत नाही. नियम मोडून पानं चाळणाऱ्यालाच ते सापडतं. काळ आणि भाषा दूरच्या असूनही दोन्ही लेखकांना एकच मर्म उमगलं होतं. दिलेल्या पर्यायांत निवड करणं हा खेळाचा अर्धाच भाग, पर्यायांची यादीच अपुरी आहे हे कळणं हा उरलेला. या गोष्टी टिकून आहेत त्या या दुसऱ्या अर्ध्यामुळे.

म्हणून शिक्षकांना विनंती : वेताळकथा वाचून दाखवा, पण राजाचं उत्तर यायच्या आत पुस्तक मिटा आणि वर्गाला बोलू द्या. आणि बालसाहित्यिकांनो, गुहा तर आपल्या खरोशाला आहेत, किल्ले औशाला आणि कंधारला आहेत. तिथे दोन वाटा फुटणारं पुस्तक लिहा. चार पर्यायांत वाढलेल्या आपल्या मुलांना पाचवा शोधायची सवय लागली पाहिजे.