जोर किती काढले, आणि किती किलोचे?

काही वर्षांपूर्वी विज्ञानदिनानिमित्त आम्ही एका तालुक्याच्या गावातील शाळेत गेलो होतो. व्याख्यान संपल्यावर शारीरिक शिक्षणाच्या सरांनी एक तक्ता पुढे केला. नववीच्या वर्गाची शारीरिक क्षमता चाचणी नुकतीच झाली होती. एका मुलाच्या नावापुढे 'जोर : २' अशी नोंद होती आणि शेरा होता 'अशक्त'. सर म्हणाले, "शेरा कोष्टकाप्रमाणेच दिला आहे. पण या मुलाच्या घरी पिठाची गिरणी आहे. शाळा सुटल्यावर हाच मुलगा तीस-पस्तीस किलोंची पोती उचलून काट्यावर ठेवतो. वर्गात पहिला आलेला मुलगा अठरा जोर काढतो, पण त्याला ते पोते जमिनीवरून हलत नाही. आता अशक्त कोणाला म्हणायचे?"

त्या दिवशी आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनात राहिला. लोखंडी वजने उचलावीत की स्वतःच्या शरीराच्या वजनावर जोर-बैठका काढाव्यात, हा वाद व्यायामशाळांत नेहमी ऐकू येतो. शाळेच्या तक्त्यातला तो शेरा याच वादाचे एक अपत्य आहे, असे आम्हांला वाटते. म्हणून दोन्ही पक्षांची थोडी चिकित्सा करू.

दोन पक्ष

जोर-बैठकांच्या बाजूने बोलणारे म्हणतात की या व्यायामाला पैसे लागत नाहीत, जागा फारशी लागत नाही, शरीर चपळ राहते आणि 'नैसर्गिक' बळ येते. वजनाने शरीर नुसते फुगते आणि मुलांची उंची खुंटते, असेही ते बजावतात. वजनांच्या बाजूने बोलणारे म्हणतात की खरी ताकद जड लोखंडानेच येते आणि बाकीचे सगळे नुसते हातपाय हलवणे आहे.

दोन्ही बोलण्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. भार शरीराबाहेरचा आहे की शरीराचाच आहे, याने मोठा फरक पडतो, हे ते गृहीतक. शरीरविज्ञानाला ते मान्य नाही.

स्नायूला काय कळते?

स्नायूला लोखंड दिसत नाही आणि जमीनही दिसत नाही. त्याच्या तंतूंवर किती ताण आला आणि किती वेळ टिकला, एवढेच त्याला 'कळते'. मज्जारज्जूतील एक चेतापेशी आणि ती ज्या तंतूंना हुकूम देते ते तंतू मिळून एक गट होतो. एकेका स्नायूत असे पुष्कळ गट असतात, काही लहान तर काही मोठे. एल्वूड हेनेमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५७ साली दाखवून दिले की लहान चेतापेशी आधी कामाला लागतात आणि मोठ्या नंतर. भार जड असेल तर मोठ्या गटांनाही पहिल्या हालचालीपासून कामाला लागावे लागते. भार हलका असेल तर लहान गट थकत जातात तसतशी मोठ्यांची पाळी येते. म्हणजे हलक्या भारानेही सर्व तंतूंना काम मिळू शकते, पण त्यासाठी जवळजवळ दमेपर्यंत जावे लागते. ज्याला तीस जोर सहज येतात त्याने रोज बाराच काढून थांबायचे ठरवले, तर त्याच्या मोठ्या गटांना सुट्टीच मिळते.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात हे तपासून पाहिले गेले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात तरुणांनी दहा आठवडे पायाने वजन उचलले. एका पायाला कमाल क्षमतेच्या ८० टक्के वजन, तर दुसऱ्याला फक्त ३० टक्के, पण दोन्ही वेळा पाय पुरता थकेपर्यंत. मांडीच्या स्नायूंची वाढ दोन्हीकडे जवळपास सारखीच झाली. मात्र एकदाच जास्तीत जास्त किती वजन उचलता येते, हे पाहिले तेव्हा जड वजनाचा गट पुढे निघाला.

यातून दोन्ही पक्षांना थोडे थोडे मिळते. स्नायू वाढवायला जड लोखंडच हवे असे नाही. पण कमाल ताकद हवी असेल तर जड भाराचाच सराव लागतो, कारण ताकद हे काही अंशी चेतासंस्थेचे कौशल्य आहे. नवशिक्याची ताकद पहिल्या काही आठवड्यांत वाढते ती बहुतांशी याच कौशल्यामुळे. दंडाचा घेर तेवढाच राहतो आणि जोर मात्र वाढतात. वयात न आलेल्या मुलांबाबत तर हे विशेषच खरे आहे.

जोराचे वजन

आता गिरणीवाल्याच्या मुलाकडे वळू. शरीर सरळ ठेवून काढलेला साधा जोर ही दुसऱ्या प्रकारची तरफ आहे, आपल्या अडकित्त्यासारखी. पायाची बोटे हा टेकू, बेंबीजवळच्या गुरुत्वमध्यापाशी शरीराचे वजन आणि पलीकडच्या टोकाला हातांचे बल. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या मुलात टेकूपासून गुरुत्वमध्य सुमारे ८३ सेंटिमीटरवर आणि हात सुमारे १२३ सेंटिमीटरवर येतात. भागाकार केला तर हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भार पडतो. अमेरिकेत २०११ साली व्यायामपटू पुरुषांवर प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा हात ताठ असताना सरासरी ६९ टक्के आणि छाती खाली असताना ७५ टक्के असे आकडे मिळाले. कागदावरचे गणित आणि मोजणी चांगली जुळतात.

त्या मुलाचे वजन ७२ किलो होते आणि पहिल्या आलेल्या मुलाचे ३८ किलो. म्हणजे एकाने सुमारे ५० किलोंचा भार दोनदा उचलला आणि दुसऱ्याने सुमारे २६ किलोंचा भार अठरा वेळा. तक्त्यात फक्त '२' आणि '१८' उरले, किलो गळून गेले. व्यायामशाळेत कोणी 'मी अठरा वेळा उचलले' असे सांगितले, तर आपण लगेच विचारतो, 'किती किलो?' जोर-बैठकांच्या बाबतीत हा प्रश्न आपण विचारत नाही, कारण ते वजन डोळ्यांना दिसत नाही.

यात आणखी एक भूमितीची गोम आहे. स्नायूचे बल त्याच्या काटछेदाच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाढते, तर शरीराचे वजन घनफळाप्रमाणे. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात हा विचार हाडांच्या संदर्भात मांडला होता. समजा, सारख्याच बांध्याची दोन मुले आहेत, एक ४० किलोंचा आणि दुसरा ६० किलोंचा. मोठ्याचे वजन ५० टक्क्यांनी जास्त, पण बल सुमारे ३१ टक्क्यांनीच जास्त. म्हणजे दोघेही तितकेच तंदुरुस्त असले तरी वजनाच्या प्रमाणात मोठा मुलगा सुमारे १३ टक्क्यांनी मागे पडणारच. वाढीव वजन चरबीचे असेल तर फरक आणखी वाढेल.

वजन उचलण्याचे विक्रम हेच सांगतात. नईम सुलेमानोग्लू याने १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ६० किलो गटात १९० किलो डोक्यावर उचलले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून अधिक. लाशा तालाखाद्झे याने २०२१ साली २६७ किलो उचलले, पण त्याचे स्वतःचे वजन १७० किलोंहून अधिक होते. पट जेमतेम दीडच्या आसपास. सर्वांत ताकदवान कोण, याचे उत्तर किलोत मागितले तर एक येते आणि पटीत मागितले तर दुसरे.

चाचणीवर आक्षेप

२०१९ साली 'खेलो इंडिया' अंतर्गत सुरू झालेल्या शालेय क्षमता चाचणीत मोठ्या मुलांसाठी धावणे, लवचिकता, पोटाचे व्यायाम यांच्याबरोबर जोरही आहेत. मुलांनी पंजे टेकून, मुलींनी गुडघे टेकून. हिचा मोठा गुण असा की ती कोणत्याही गरीब शाळेत घेता येते. तो गुण आम्ही कमी लेखत नाही. वजन-उंचीचीही नोंद होते. पण ते आकडे आणि जोरांची संख्या एकाच कागदावर राहून एकमेकांशी बोलत नाहीत.

जोरांची संख्या निरर्थक आहे असेही नाही. जिना चढताना, झाडावर चढताना, धावताना माणसाला स्वतःचेच ओझे न्यावे लागते. त्यासाठी ताकद आणि वजन यांचे गुणोत्तरच महत्त्वाचे. मग त्याला गुणोत्तर म्हणावे. त्यावरून 'अशक्त' हा शेरा मारणे म्हणजे मोजपट्टीने ताप मोजण्यासारखे आहे.

मुलींच्या नियमातही हीच चूक आहे. गुडघे टेकले की हातांवरचा भार ५४ ते ६२ टक्क्यांवर येतो. पण ७२ किलोंच्या मुलाने गुडघे टेकले तरी त्याला ३९ किलो उचलावे लागतात, आणि ३६ किलोंच्या मुलीने पंजे टेकले तरी तिला २५ किलोच. कोणी गुडघे टेकावेत हे भारावरून आणि तयारीवरून ठरवायला हवे. मीराबाई चानू हिने २०२१ साली टोकियोत ४९ किलो गटात ११५ किलो उचलून रौप्यपदक मिळवले, त्याच देशात मुलींना सरसकट गुडघ्यांवर बसवणे बरे दिसत नाही.

हाडांची साक्ष

येथपर्यंत वाचून जोर-बैठकांचे चाहते म्हणतील की पुरेसे दमलो म्हणजे झाले. स्नायूंपुरते ते बरेचसे खरे आहे, हाडांपुरते नाही. हाडाला दमणे कळत नाही, त्याला बलाचा आकडा लागतो.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा अंतराळातून मिळतो. तेथे कितीही जोर काढले तरी शरीराला वजनच नाही. दीर्घ मुक्कामात अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडांची खनिज घनता दरमहा सुमारे एक ते दीड टक्क्याने घटत असे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचे पहिले ताणयंत्र सुमारे १३६ किलोंपर्यंतचाच भार देई. त्याने झीज थांबली नाही. २००८ साली सुमारे २७२ किलोंपर्यंत भार देणारे यंत्र पाठवले गेले. ते वापरणाऱ्या आणि आहार व ड जीवनसत्त्व नीट घेणाऱ्या अंतराळवीरांची हाडांची घनता बरीचशी टिकून राहिल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले. एवढे वजन कशाला, असा प्रश्न पडेल. पृथ्वीवर खांद्यावर वजन घेऊन बैठक मारताना पाय त्या वजनाबरोबर आपले धडही उचलतात. तेथे धडाची भरपाईही यंत्रालाच करावी लागते.

ऑस्ट्रेलियात २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग शिक्षिकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. रजोनिवृत्तीनंतर हाडे विरळ झालेल्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली कमाल क्षमतेच्या ८५ टक्क्यांहून जड वजने उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. 'या वयात जड उचलू नका' हा सल्ला सर्वांना डोळे झाकून देता येणार नाही, आणि देखरेखीशिवाय उचलाही म्हणता येणार नाही.

मुलांची हाडे घडत असतात. त्यांना लोखंडाची घाई नाही, कारण उडी मारून जमिनीवर येताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट बल हाडांवर येते. आपली लंगडी आणि दोरीवरच्या उड्या हाडांसाठी उत्तम व्यायाम आहेत. वजनाने उंची खुंटते या समजुतीला मात्र आधार नाही. योग्य देखरेखीखालील असा व्यायाम मुलांना सुरक्षित आहे, असे अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२० साली म्हटले आहे. कमाल वजनाची चढाओढ मात्र शाळेत नको.

तालमीत भांडण नव्हते

हा वाद आपल्या परंपरेतून आलेला नाही. तालमीत जोर-बैठका होत्या, तसे मुद्गल आणि गदाही होत्या. हौदातली माती फावड्याने उकरणे हा व्यायामच होता आणि जोडीदाराला उचलून टाकणे म्हणजे सत्तर-ऐंशी किलोंचे जिवंत वजन उचलणे. जोर-बैठकांत ओढण्याची क्रिया नाही, ती उणीव दोरीचा मल्लखांब भरून काढी. सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनीही आधी सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला होता. ज्यांनी दोन्ही करून पाहिले, त्यांना एकाचा द्वेष करावा लागला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची मार्गदर्शिकाही मुलांनी आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम करावेत एवढेच सांगते, लोखंडाचा आग्रह धरत नाही.

शाळेत काय करता येईल?

एक साधा वजनकाटा घ्या. त्याच्याइतक्याच उंचीची फळी शेजारी ठेवा. एक हात काट्यावर, एक फळीवर ठेवून मुलाला जोराच्या स्थितीत थांबवा आणि आकडा दुप्पट करा. मग हात पायरीवर, बाकावर, टेबलावर, शेवटी भिंतीवर ठेवून तेच करा. हात जितके उंच तितका आकडा कमी होत जाईल. तरफेचा धडा वेगळा शिकवायची गरज उरणार नाही. शिवाय मुलांना कळेल की शरीराचे वजन बदलता आले नाही तरी भार बदलता येतो. जड मुलाने बाकावर हात ठेवून सुरुवात करावी, हलक्याने पाय बाकावर घ्यावेत. दोघांनाही आठ-दहा जोरांत दमायला झाले म्हणजे दोघांचा व्यायाम सारखा झाला.

आणि तक्त्यात एक रकाना वाढवावा : जोर किती, आणि किती किलोचे. तुलना शेजाऱ्याशी न करता त्याच मुलाच्या तीन महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी करावी.

हे सारे गणित आम्ही नंतर त्या सरांना पत्राने कळवले. त्यांचे उत्तर दोन ओळींचे आले. शेरा खोडला होता आणि मुलगा आता बाकावर हात ठेवून सात जोर काढत होता. गुणपत्रक मात्र आधीच घरी गेले होते.